पोर्फियादा

टिचकी मारायची ती नखानं नाही,
मधल्या बोटाच्या पेरानं. आणि मारल्यावर
श्वास धरून थांबायचं.
बाबा दारांना मारायचे, शेजाऱ्यांच्या कुंपणांना,
एकदा तर शवपेटीलाही, मयत आत असताना,
आणि आई दातांतल्या दातांत म्हणाली होती,
बेलार्मिनो, जनाची नाही तर मनाची.

आमच्या चिलोए बेटावर आलेर्से तोडायला बंदी आहे.
उभ्या झाडाला हात लावायचा नाही.
म्हणून मी आडव्यांच्या मागावर असते:
पाडलेल्या शाळेचं छप्पर,
कुंपणाचे खांब, वरून शेवाळ, आतून केशरी,
घाई म्हणून कधी ठाऊकच नसलेलं लाकूड.
एका खांबात, बोटाच्या रुंदीत,
चाळीस वर्तुळं मोजली मी,
मग वीज गेली.

पोर्फियादा, म्हणजे हट्टी, हे नावेचं नाव.
अकरा वर्षं चिखलात कलंडून पडलेली.
उलिसेस बारिआ म्हणाला, ने सरपणाच्या भावात,
सिप्रेस आहे, धूर कमी करतं.
ओहोटी होती. गुडघाभर चिखलातून
एकेक फळी वाजवत गेले.
सोळा फळ्या मुक्या.
सतरावीत कुणीतरी होतं.

मग चार महिने हेच:
गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढणं,
चुलीवर टांगणं, वाफ देऊन बाक मोडणं.
तांब्याच्या खिळ्यावर करवतीचे दोन दात गेले.
रंध्याखालून सालं निघाली, आधी डांबराची,
मग माशांची, मग एकदम
लिंबू चिरल्यासारखा वास.
किड्यांनी पाडलेली भोकं मी बुजवली नाहीत,
फक्त मोजून वहीत लिहिली. नऊ.

सांतियागोहून वादक आला. लेआंद्रो. नखं जपणारा.
त्याला शिसव हवा होता.
म्हटलं, शिसव मलाही हवा होता, त्याच्या जंगलालाही हवा होता.
मागची बाजू शाळेच्या बाकाची, मान सफरचंदाची,
वाऱ्यानं पाडलेल्या, माझ्याच परसातल्या.
आणि तबली नावेची.
तो हसला. मग वाजवली, आणि हसायचं राहिलं.
फक्त जाड तारेवर, तिसऱ्या पडद्याशी,
एक स्वर बसत नव्हता.
घशात काटा अडकावा तसा.

तीन रात्री मी त्या स्वराच्या मागे होते.
घोडी सरकवली. आतल्या पट्ट्या तासल्या.
आरसा घालून पोटात पाहिलं.
एक गाठ दिसली, तिरकी, अंगठ्याएवढी.

उलिसेस आला तो उरलेले पैसे मागायला.
गिटार ऐकतोस का, विचारलं. नाही म्हणाला.
मांडीवर घेतली, छिद्राला नाक लावलं,
मग त्या गाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.
ही गाठ नव्हे, म्हणाला.
अठ्ठ्याऐंशी साली ही इथूनच गळायची.
वादळात, अंधारात, चाकूनं कोरून
मी पाचर मारली होती. माझी आहे ती.

मी विचारलं, काढू का? स्वर अडवते आहे.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी बाबांची मुलगी आहे याचीच शंका आली असावी.
काढू नकोस, म्हणाला. बुडेल.

तशीच दिली मी. लेआंद्रोनं पैसे
दोन हप्त्यांत पाठवले, दुसऱ्यासोबत चिठ्ठी:
त्या स्वराशी आता जमवून घेतलं आहे,
तिथे थोडं थांबतो, लोकांना वाटतं मुद्दाम.
पण रात्री कधीकधी तारा आपोआप चढतात.
असं का व्हावं?

भरती-ओहोटीचं पत्रक असतं माझ्या भिंतीवर.
त्यानं लिहिलेल्या वेळा लावून पाहिल्या.
वीस मिनिटांचा फरक येत होता.
इतकी वर्षं पाण्याबाहेर आहे ती.
तेवढं चालायचं.