बारा व्होल्ट

ग्रोगनच्या गल्लीत, ऑइल पिऊन काळ्या झालेल्या मातीवर
म्बुवीची मतातू उभी आहे.
सीटा काढलेल्या, पोट उघडं.
त्याला छतभर जांभळं हवंय, पायऱ्यांना हिरवं,
आणि ब्रेक दाबला की मागच्या काचेवर
लाल धावलं पाहिजे.
"पोरं गाडी बघून चढतात, नेकेसा,
भाडं मग विचारतात."

मी आधी पत्रा स्पिरिटने पुसते.
धूळ राहिली तर चौथ्या दिवशी पट्टी लोंबते
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी.
कात्री तांब्याच्या ठिपक्यांवरच चालवायची,
तीन दिव्यांमागे एकदा.
भलतीकडे कापलं तर तिघं मिळून जातात.
लाल ती अधिक, काळी ती उणे, मध्ये फ्यूज.
एवढंच माझं शिक्षण. बाकी चटके.

लांब पट्टीचं एक दुखणं असतं.
सुरुवातीला उजेड ताठ,
शेवटाला पोचेस्तोवर मलूल.
मग दुसऱ्या टोकालाही तार जोडून द्यावी लागते.
म्बुवी म्हणाला, माझंही तसंच आहे,
वीस तारखेनंतर.

घरी, कावांग्वारेत, बाबा.
एकेकाळी खांबावर चढायचे,
अकरा हजारांच्या तारांशी ऊठबस त्यांची.
त्यातल्याच एकीनं उजव्या हाताची दोन बोटं नेली.
तेव्हापासून बटणाला हात लावत नाहीत,
अंधारात भिंत चाचपत उठतात.
मागच्या महिन्यात उंबऱ्यानं कपाळ फोडलं.
टाके पडले पाच,
तरी बटण नाही म्हणजे नाही.

म्बुवीच्या कामातून उरलेली दीड हात पट्टी,
मोटरसायकलची एक म्हातारी बॅटरी.
पलंगाखाली चिकटवत होते तर ओरडले,
"हात काढ! तार उघडी आहे!"

मी काही बोलले नाही.
त्यांचा हात ओढला, तोच, तीन बोटांचा,
आणि दोन्ही उघडी टोकं तळव्यावर ठेवली.

डोळे मिटून ते थांबले.
शेजारच्या रेडिओवर कुणीतरी गोल चुकवला,
सगळी चाळ हळहळली.
ते थांबलेच होते.

"काहीच नाही?"
"बारा आहेत फक्त."
"बारा," ते म्हणाले,
शेजारच्या पोराचं वय सांगावं तसं.
आणि हात मात्र काढला नाही,
मीच काढून घेतला शेवटी,
जोडायचं होतं अजून.

रात्री दोनला मला जाग आली.
पलंगाखालून जांभळं सांडलेलं,
त्यात त्यांच्या चपला, एक उलटी,
आणि माझा हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर.
बाबा काठावर बसलेले,
पाय त्या उजेडात सोडून,
नदीत सोडावेत तसे.

"कुठं जायचंय?"
"कुठं नाही," म्हणाले.
"म्बुवीला सांग,
भाडं सकाळी देतो."