डावी सीट

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीत
भैरू सातपुतेनं दोन्ही सीटा उपटून
पोत्यावर मांडल्या.
मागं दोन दारांची बुटकी लाल गाडी,
कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखी.

त्याचा बाप चपला शिवायचा.
"टाच बघून माणूस सांगायचा," भैरू म्हणाला
आणि उजव्या सीटवरनं अंगठा फिरवला.
"हे तुमचं वडील. उतरताना सगळा भार ह्या कडंवर.
अंगानं जाड, कायम घाईत."
खरं होतं.

मग डावी.
पाठ कोरी. एक टाका सैल नाही.
फक्त पुढचं चार बोटं कातडं
झिजून कापडाला लागलेलं.
"इथं कोण बसायचं? टेकायचंच नाही ते?"

आई.
पन्हाळ्याच्या वळणांवर
पर्स मांडीवर, एक हात डॅशबोर्डला.
वडील म्हणायचे, टेक की गं.
एकवीस वर्षं.

साबणाच्या फेसात मळ निघाला,
भेगांत लुकण बसलं, वर पॉलिश पेपर.
मूळ रंग सीटच्या पोटाखाली सापडला,
ऊन कधी पोचलं नव्हतं तिथं:
जुन्या गुळाचा.
तोच कालवून त्यानं तीन हात दिले,
मग तेल, नुसत्या तळव्यानं.

आता दोन्ही सीटा सारख्या दिसतात.

काल आईला आणलं.
"चप्पल लाइनीत आल्यागत वास येतोय," म्हणाली,
पदर सावरून बसली
तेवढ्याच चार बोटांवर.

'टेक की' ओठापर्यंत आलं.
मी चावी फिरवली.