दोन लांब, एक आखूड

बिग ब्लू नदीच्या काठी, नेब्रास्कात,
आमच्या ग्रंथालयाची समिती
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरते.
विषय क्रमांक चार माझा होता:
वेबसाइटला कुलूप.

ड्वेन म्हणाला, "कशाला?
आपण काय बँक आहोत?
उघडायची वेळ, पोरांचा गोष्टींचा तास, पुस्तकांची यादी.
चोरून चोरून चोरणार काय?"
कर नाही त्याला डर कशाला,
हेच तो त्याच्या भाषेत म्हणत होता,
मक्याचा भाव सांगावा तितक्या सहज.

मी कागद आणले होते.
वाचक आणि आपण यांच्यामध्ये किती हात असतात,
वाटेतला माणूस नुसतं वाचत नाही,
मनात आलं तर ओळ बदलूनही पुढे धाडतो,
आणि हे कुलूप फुकट मिळतं.
एक गोष्ट मात्र कागदावर नव्हती.

फेब्रुवारीत, बर्फाच्या दुपारी,
आपल्या वायफायवरून काय काय उघडं जातं
ते तपासायला मी बसले होते.
पडद्यावर, साध्या अक्षरांत,
कुणी आमच्याच यादीत शोधलेले शब्द सरकत गेले:
विसरणं. सुरुवात. कसं ओळखावं.
खोलीत त्या वेळी एकच माणूस होतं.
मी मान वर केली नाही.
खाली घातलेल्या मानेलाही कळायचं ते कळतं.

मग लव्हर्न कुचेरा उठली, टेबलाला धरून.
"आमच्या रस्त्यावर पाच घरांत मिळून एक तार.
आमची घंटा दोन लांब, एक आखूड.
घंटा कुणाचीही असो, फोन सगळेच उचलायचे,
तोंडावर हात दाबून.
पण घड्याळाच्या तोंडावर हात कोण ठेवणार?
झेलेनीबाईंच्या स्वयंपाकघरातली टकटक
तारेतून ऐकू यायची.

आर्लीन, माझी थोरली बहीण,
लिंकनच्या डॉक्टरांशी चारच मिनिटं बोलली.
मध्येच थांबली. तिचा चेहरा पाहून मला कळलं,
घड्याळ आलंय.
संध्याकाळपर्यंत तीन घरांतून कोलाचे आले,
जर्दाळूचे, ताटावर स्वच्छ फडकं झाकून.
वाईट शब्द कुणी काढला नाही.
ऑगस्टात ती ओमाहाला गेली
आणि तिनं घरी कधी फोन केला नाही."

आमच्याकडे याला शब्द आहे, षट्कर्णी.
ज्यानं तो घडवला
त्याला सहा कान म्हणजे पुष्कळ वाटले असावेत.

ड्वेनचं आडनाव झेलेनी.
तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.
मग म्हणाला, "आजीचं ते घड्याळ माझ्याकडेच आहे.
अजून चालतं."
हात वर झाले तेव्हा पहिला त्याचा होता.

गुरुवारी पत्त्याच्या डाव्या बाजूला
हरभऱ्याएवढं कुलूप दिसू लागलं.
गावात कुणाच्या लक्षात आलं नाही.
येऊही नये.

पण मंगळवारचं सांगायचं राहिलं.
मोटारीपर्यंत मी लव्हर्नचा हात धरून गेले.
दार उघडता उघडता ती थबकली,
"आत्ता मी सांगितलं ना गं...
आमची घंटा कशी होती?"

पलीकडे ड्वेन काचेवरचा बर्फ खरवडत होता.
मी वाकले, आणि तिच्या कानात,
फक्त तिच्याच कानात,
सांगितलं.