रात्रपाळीचा कारकून

डंडीत नोव्हेंबरात चारच्या आधीच दिवे लागतात.
आज इयनचा निरोप.
एक्स-रे विभागातली त्याची एकतीस वर्षं
पबच्या कोपऱ्यातल्या एका टेबलावर मावली आहेत.

दारातच फोन काढून बघते: आठ पूर्णांक दोन.
घरातून निघताना गॅस बंद केलाय ना, ते बघावं
तसं.

'मृणाल, तू काय घेणार?'
सोपा प्रश्न. मी मात्र मनात बेरीज मांडते:
दुपारचं जेवण, रात्रीचं लांबलेलं इन्सुलिन,
टे नदीच्या काठाकाठानं घरापर्यंतची चाल,
उद्या सातची ड्युटी.
'एक ग्लास रेड,' म्हणते. 'आणि चिप्स. आधी चिप्स.'

यकृत हा माझा रात्रपाळीचा कारकून.
एरवी इमानी. मी झोपले की साठवणीतली साखर
चमचा चमचा मोजून रक्तात सोडतो.
पण दारूचा कागद टेबलावर आला
की बाकीच्या फायली बाजूला.
'आधी हे. मग तुमचं बघू.'
खिडकी बंद.
आणि इन्सुलिनला कुठं रांगेत थांबायची सवय!
ते आपलं उपसत राहतं
रिकाम्या होत चाललेल्या पिंपातून.

पर्थ रोड. अकरा वर्षं झाली.
दीड ग्लास वाइन, जेवण नाही, वर तासभर नाच.
बसस्टॉपवर माझे पाय माझे राहिले नाहीत.
एका बाईनं पोराला जवळ ओढलं.
कुणी म्हणालं, हिला जरा जास्तच झालीय.
तोंडाला वास होताच,
माझ्याविरुद्धचा साक्षीदार माझ्याच तोंडात.
मी मराठीत बोलत होते म्हणे,
काय, ते कुणालाच कळलं नाही.

चिप्सच्या दुकानातला फरहाद तेवढा बाहेर आला.
त्यानं माझं मनगट उलटं करून कडं वाचलं
आणि कोकचा कॅन फोडला.
'डाएट नाही,' म्हणाला, 'खरा आहे. माझ्या आईलाही आहे.'
अँब्युलन्स येईपर्यंत तो फुटपाथवर उकिडवा बसला,
दुकानात तेल तापत होतं तरी.

म्हणून आता मोरॅगला सगळं ठाऊक असतं.
कोटाच्या डाव्या खिशात जेली बेबीज, त्या घाईच्या वेळी.
उजव्यात शंकरपाळ्या, त्या उशिराच्या, झोपण्याआधीच्या.
मी भलतं बोलायला लागले तर नशा समजू नकोस.
शिव्या दिल्या तर त्या माझ्या नाहीत, कमी साखरेच्या.
गिळता येत नसेल तर तोंडात काही कोंबू नकोस, सरळ फोन कर.
ते लाल पेटीतलं इंजेक्शनही
आजच्यासारख्या रात्री चालेलच असं नाही,
कारकुनाकडूनच काम करून घेणारं ते,
आणि तो आज दुसऱ्याच फायलीत.
मोरॅग मान हलवते. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

इयन भाषण करतो. रडतो. सगळे टाळ्या वाजवतात.
दुसरा ग्लास माझ्याकडे सरकतो, मी तो
तसाच पुढं सरकवते.
आठवड्यामागं आईनं फोनवर विचारलं होतं,
'तिकडं तू तसलं काही घेत नाहीस ना?'
'मोजून,' म्हणाले.
पलीकडे बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग, 'जेवून घेत जा.'
क्लिनिकमधल्या कुठल्याही कागदावर
याहून नेमकं काही लिहिलेलं मी वाचलं नाही.

झोपताना दहा. एरवी सुईनं खाली ढकलला असता.
आज नाही. आज हा आकडा आपल्या पायानं उतरेल.
चार शंकरपाळ्या, त्यांची सुई नाही.
फोन उशाला, आवाज मोठा.

तीन वाजून वीस. फोन ओरडतो: चार पूर्णांक एक, बाण खाली.
उठते. जेली बेबी चावते, आधी डोकं, मग पाय.
मग टोस्ट. अंधारात स्वयंपाकघरात उभी राहून,
पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत.
खाली रस्त्यावर कुणीतरी बेसूर गात घरी निघालंय.
खिडकी उघडून मी वाकून बघते,
नुसता पिऊनच गातोय ना, एवढंच.