मानखुर्दचा नाका उठल्यावर

मानखुर्दच्या नाक्यावर एकवीस वर्षं
मी जकातीच्या पावत्या फाडल्या.
ताडपत्री उचलायच्या आधीच नाकाला कळायचं,
सांगलीची हळद आहे, की चाकणचे टायर,
की वर कांदे आणि खाली भलतंच काही.
रात्री तीनला गल्ला मोजताना
नोटांना डिझेलचा वास यायचा,
एखादीला हळदीचा.
लोटलीकर गड्ड्यांना रबर लावता लावता म्हणायचे,
‘ही उद्याची दिवाबत्ती.
ही कुर्ल्याच्या गटाराची.
ही प्रसूतिगृहातल्या आयांच्या पगाराची.’
थट्टाच ती.
सगळ्याच गड्ड्या गल्ल्यात गेल्या
असंही मी शपथेवर सांगणार नाही.
पण पैसा कुठून आला ते डोळ्यांनी पाहिलं
की तो कुठं जातो ते विचारायची
हिंमत येते माणसाला.

मग जून संपला त्या मध्यरात्री
दांडा वर गेला
तो खाली आलाच नाही.
ट्रक न थांबता निघाले, एकामागून एक,
एका ड्रायव्हरनं हात केला, हसला.
आम्ही पावतीपुस्तकं धरून उभे,
पंगत उठल्यावर पोचलेल्या
वाढप्यांसारखे.

आता वॉर्ड ऑफिस, दुसरा मजला, लेखा विभाग.
इथल्या पैशाला वास नाही.
तो येतो भरपाई म्हणून,
दिल्ली, मंत्रालय, मुख्यालय
अशा पायऱ्या उतरत, पडद्यावर.
पोटगीसारखा.
ठरलेला असतो,
पण मागताना आवाज
जरा खालीच ठेवावा लागतो.

दवाखान्यातून सिस्टर फिलोमिना कोरियांचं पत्र येतं.
विषय : लस ठेवण्याचा फ्रिज बंद असल्याबाबत.
मग स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन.
तिसऱ्यात ‘महोदय’च्या आधीचं ‘माननीय’ गेलेलं.
मी शीर्षं उघडून बघतो.
दुरुस्ती : शिल्लक शून्य.
सुशोभीकरण : शिल्लक भरपूर.
खिडकीतून दिसतात ना,
दुभाजकावर उभी केलेली प्लास्टिकची ताडं,
झावळ्यांतून निळे दिवे.
दिवसासुद्धा चालू.
त्यांची वीज काढून फ्रिजला देता येत नाही,
एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यात न्यायचा
तर सभागृहाची मंजुरी हवी,
आणि सभागृहात सध्या
खुर्च्यांवर पांढरे कपडे टाकलेत.
एकतीस मार्चला जे उरलं
ते व्यपगत.
केवढा शब्द! उच्चारताना
दात सांभाळावे लागतात.

दरम्यान सिस्टर रोज सकाळी
शेजारच्या दवाखान्यातून लस आणतात,
रिक्षात मांडीवर निळा डबा घट्ट धरून,
भोवती बर्फ.
बर्फ देते ट्रॉम्बेच्या बाजारातली कोळीण,
बोंबलांच्या टोपलीशेजारचा,
‘बाळांना आहे म्हणता ना, घ्या अजून दोन खडे’ म्हणत.
तीही कर भरतेच की.
जकात आता साबणाच्या वडीत विरघळलीय,
तिच्या छत्रीत, तिच्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये.
बाजारातून दिल्लीला गेलेला तिचा रुपया
बाजारामागच्या दवाखान्यात परत यायला
किती दिवस लागतात,
हे मला विचारू नका, मी लेखा विभागात आहे.

काल बिल आलं.
वहीचं फाडलेलं पान :
बर्फ, एकतीस दिवस, रोज चाळीस,
एकूण बाराशे चाळीस.
खाली सही, आणि कोपऱ्यात
ओला होऊन वाळलेला डाग.
मी इकडेतिकडे बघितलं
आणि कागद नाकाला लावला.

बोंबील.
स्वच्छ, खारट, बिनचूक बोंबील.
इतक्या वर्षांनी या टेबलावर आलेला
पहिला कागद,
जो कुठून आलाय ते मला
न वाचता कळलं.

कुठल्या शीर्षाखाली टाकू?
बर्फाला शीर्ष नाही.
‘किरकोळ’ लिहिलं, खोडलं,
पुन्हा ‘किरकोळ’ लिहिलं.
ऑडिटवाले आक्षेप घेतीलच.
बाराशे चाळीस मी खिशातून दिले असते,
पण मग हा खर्च
कुठेच झालेला नसता.

तोवर बिल खणात आहे.
खण उघडला
की पलीकडच्या टेबलावरच्या पोतनीस मॅडम
न बोलता उठतात
आणि खिडकी उघडतात.