माणशी ऐंशी झ्लॉटी

वॉर्साहून मेल आला: सप्टेंबर संपायच्या आत
प्रत्येक शाखेने संघभावना वाढवावी.
माणशी ऐंशी झ्लॉटी. पावत्या जोडाव्यात.
लुदोमिरसाहेबांनी तो माझ्याकडे ढकलला,
वर एक ओळ: बोग्ना, तुला असलं छान जमतं.
मला काय जमतं? मी पगारपत्रकं करते,
एल्ब्लाँगमधल्या एकशे चाळीस लिफ्टांची बिलं काढते,
अडकलेल्यांचे फोन घेते,
सांगते, निघालेत आमचे लोक, पोचतीलच.

तक्ता आखला. नावं उभी, खेळ आडवे.
पेंटबॉल: लेसिया म्हणाली, नको.
ती खार्किवची आहे. मी कारण विचारलं नाही.
कयाक: गेरार्डच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
जमेल की, म्हणाला, पण खिशातून हात काढला नाही.
मग ती खोली, जिच्यात कोंडून घेऊन
कोडी सोडवत तासाभरात सुटायचं.
सगळं वर्कशॉप पोट धरून हसलं.
कोंडलेली माणसं सोडवायचे आपण पैसे घेतो, बाई,
द्यायचे कसले?
इरेकला चारच्या आत घरी हवं, आईचं डायलिसिस.
कामिलाला सातवा महिना.
थोरला बेनॉन म्हणाला, मला काहीही चालेल.
म्हणजे तो येणार नाही.

तीन आठवड्यांत तक्ता फुल्यांनी भरला.
अकरा वर्षं यांचे पगार काढतेय,
कुणाची किती रजा उरली झोपेत सांगेन,
आणि यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
फाइल पुसायला हात धजेना.

शेवटी वैतागून म्हटलं, अळंबी वेचायला जाऊ.
फुकट आहे. बादल्या आपापल्या आणा.
बेनॉनने पहिल्यांदा मान वर केली.

आता अळंबीचं असं, की ती सापडायची जागा
इथे माणूस बायकोलाही सांगत नाही.
मरताना सांगतो, तीही मोघम.
काडिनीच्या जंगलाशी बस थांबली,
साहेबांनी शिट्टी फुंकली, गोल करा म्हणाले,
हातात कागद, कागदावर मुद्दे.
कसला गोल! दोन मिनिटांत सगळे दाही दिशांना पांगले,
बादलीवर फडकं टाकून, मागे वळून बघत,
कुणी पाळतीवर तर नाही.
कागद घडी घालून साहेबही एकटेच आत शिरले.
मी कपाळाला हात लावला.

मग धुकं उतरलं.
ओकांना कंबरेच्या वर काही उरलं नाही.
आणि कुठूनसा गेरार्ड: होप होप!
खालच्या घळीतून इरेक: होप!
लेसिया. बेनॉन. परत गेरार्ड.
कामिला माझ्याशेजारी ओंडक्यावर, सॉसेज सोलत.
मेपर्यंत ती स्वतः लिफ्टांवर होती.
म्हणाली, शाफ्टमध्ये असंच असतं.
एक वर, एक खाली, मध्ये नऊ मजले काळोख.
उत्तर आल्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही.
गेरार्डच्या वेळी उत्तर आलं होतं.
पण शेजारच्या शाफ्टमधून.
एवढं बोलून ती मोहरीच्या बाटलीत
काही उरलंय का बघू लागली.

मी बोटांवर आवाज मोजले. अकरा.
बारावा साहेबांचा, तो येत नव्हता.
शिट्टी गळ्यात होती, पण ती वाजवली असती
तर हरवलोय हे कळलं असतं.
कुणी कुणाला काही बोललं नाही,
नुसत्या अकरा हाका हळूहळू
एका बाजूला सरकत गेल्या.
बऱ्याच वेळाने तिकडून
एक घोगरा, नवशिका आवाज:
होप?

सोमवारी हिशेब लिहिला. बस, सॉसेज, मोहरी.
उरलेले परत करते म्हटलं,
वॉर्सा म्हणालं, परतीचा रकाना नाही.
फॉर्मवर ठिकाण विचारलं होतं, मी काडिनी लिहिलं.
बेनॉन खांद्यावरून वाचत होता.
खोड ते, म्हणाला.
जंगल लिही नुसतं.