हरकत

कृषी सेवा केंद्राच्या वर, पत्र्याच्या खोलीत
खतीब मॅडमचा क्लास.
सेलूच्या उन्हाळ्यात साडेचारला
फळासुद्धा हाताला चटका देतो.
खाली बियाण्यांच्या पिशव्या उतरवायलेत,
वर आम्ही सातजणी, सगळ्या सतरा नंबरच्या फॉर्मवाल्या,
वाक्यं उतरवायलोत.

मॅडम म्हणल्या, आधी कर्ता. लगेच क्रियापद.
बाकीचं येईल मागून, पाहिजे तेवढं.

मला मामंजी आठवले.
बाजेवर बसून, अडकित्त्यात सुपारी धरून म्हणले होते,
"अंगणवाडीच्या मदतनीसची सेविका व्हायचं म्हणून
अडोतिसाव्या वर्षी, लेकीच्या वयाच्या पोरींसोबत
एका बाकावर बसून सुनेनं बारावीचा पेपर द्यायला
आमची तर काही हरकत"

आणि थांबले.
सुपारी फुटली. तोंडात गेली.
जाऊबाईची भाकर तव्यावर करपली,
यांनी मोबाईल पालथा ठेवला,
अख्खं घर एका क्रियापदाखाली
माना वर करून उभं.
ते सुपारीच्या मागं होतं, डाव्या दाढेकडं.

"नाही."

इंग्रजीत असतं तर, मॅडम,
त्यांना आधीच ठरवावं लागलं असतं.
एवढं चघळता आलं नसतं.

मग फळ्यावर आलं, इट इज व्हेरी हॉट.
मी विचारलं, इट म्हणजे कोण?
कोणी नाही, म्हणल्या. पण जागा रिकामी सोडता येत नाही,
त्या भाषेत कोणाला तरी उभं करावंच लागतं.

आमच्याकडं स्वयंपाक झाला. पाणी भरून झालं.
धुणं वाळलं. पोरं डबे घेऊन शाळेत गेली.
सगळी वाक्यं धड, एकात चूक काढून दाखवा,
आणि मी कुठंच नाही.
तिकडं उन्हालासुद्धा कर्ता.

आय मात्र मला आवडलं.
वाक्याच्या मधोमध आलं तरी ताठ,
डीपीच्या खांबासारखं.
काढताना दोनदा टोक मोडलं.

गुरुवारी गल्लीत ओरड झाली, आला! आला टँकर!
घागर घेऊन पळता पळता मी थबकले.
टँकर आला, असं नीट म्हणत बसणारीला
थेंब मिळत नाही.
दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगितलं,
घाईत आम्ही पण क्रियापद पुढं घेतो.
तरी तिथं कर्ता आधी लागतो गं प्रयागा, त्या म्हणल्या.
टँकरच्या वेळी कर्त्याला कोण विचारतं, मी म्हणलं.
त्या खडू ठेवून इतक्या हसल्या
की दुकानदार जिन्यात डोकावून गेला.

आता ऑल्दो चालू आहे.
ऑल्दोचं वाक्य एकटं उभं राहत नाही,
स्वल्पविरामाच्या पलीकडं दुसरं लागतंच,
आणि खरं काय ते त्या दुसऱ्यात असतं.
गृहपाठ, स्वतःच्या मनानं एक लिहून आणा.

भांडी आवरून वही उघडली.
ऑल्दो माय फादर-इन-लॉ हॅड नो ऑब्जेक्शन,
इथपर्यंत सुचलं.
पुढं आय काढलं. ताठ.
क्रियापद शोधायलेय, तेवढ्यात लाईट गेली.

बाहेरून मामंजी विचारायलेत,
झालं का?

काय, ते म्हणले नाहीत.